पौषातली एक रात्र: सामूहिक ॲनिमेशन लघुपटाची पार्श्वचित्रे आणि ध्वनी यांचा प्रकरण अभ्यास

वर्धा जिल्ह्यातील एका लहान गावाच्या शिवारात घडणारा सहा मिनिटांचा ॲनिमेशन लघुपट चौदा जणांनी मिळून तयार केला. त्यातील पार्श्वचित्रे आणि ध्वनी यांचे काम कसे उभे राहिले, कोठे अडले आणि कोणत्या निर्णयांमुळे मार्गी लागले, याची ही नोंद आहे. या दोन्ही अंगांचे संयोजन माझ्याकडे होते. पात्रांचे रेखाटन आणि त्यांच्या हालचाली यांविषयी येथे गरजेपुरतेच लिहिले आहे.

कथा थोडक्यात सांगता येते. हरभरा घाट्यावर आला आहे. रोही (नीलगाई) आणि रानडुकरे यांच्यापासून पीक वाचवण्यासाठी एक शेतकरी रात्री जागलीला निघतो. त्याची अकरा वर्षांची मुलगी त्या रात्री हट्टाने सोबत येते. दोघे मचाणावर बसतात, बोलतात, गप्प होतात. रोह्यांचा कळप येतो, तो हाकलला जातो, आणि उजाडते. संपूर्ण लघुपटात संवादाची वाक्ये जेमतेम दहा-बारा आहेत. अंधारात माणसाचा चेहरा फारसा दिसत नाही आणि जागलीला बसलेला माणूस डोळ्यांपेक्षा कानांनी राखण करतो, त्यामुळे या लघुपटाचा सगळा भार पार्श्वचित्रांवर आणि ध्वनीवर येणार हे पहिल्या बैठकीतच स्पष्ट झाले होते.

काम करणारे चौदा जण वर्धा, यवतमाळ, अमरावती आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांत विखुरलेले होते. त्यांत शाळेतले चित्रकला शिक्षक होते, कला शाखेचे विद्यार्थी होते, मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवणारा एक तरुण होता, आणि पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीसाठी आयुष्यभर पडदे रंगवलेले एक ज्येष्ठ कलावंत होते, ज्यांना सगळे काका म्हणत. साधने बेताची होती. चित्रांसाठी क्रिटा, जोडणीसाठी ब्लेंडर आणि ध्वनीसाठी ऑडेसिटी, अशी तिन्ही मोफत मिळणारी आज्ञावली वापरायची असे ठरले, कारण एका गावातल्या जुन्या संगणकावर आणि दुसऱ्या गावातल्या नव्या संगणकावर सारखेच काम चालणे आवश्यक होते.

पोळ्याच्या सुमारास कामाला सुरुवात झाली. दृश्ये वाटून देण्यात आली. ज्याच्या वाट्याला जे दृश्य येईल त्याचे पार्श्वचित्र त्याने आपल्या घरी रंगवायचे, आणि ज्याला जमेल त्याने आपल्या शिवारातले रात्रीचे आवाज मोबाइलवर टिपून पाठवायचे, अशी पद्धत होती. दिवाळीपर्यंत बरेच साहित्य जमा झाले आणि त्याची पहिली कच्ची जोडणी सर्वांनी मिळून पाहिली. एकेक चित्र सुटे पाहिले तर उत्तम होते. सलग पाहिल्यावर मात्र ती एक रात्र राहिली नव्हती. एका दृश्यात पूर्ण चंद्र डोक्यावर होता, पुढच्या दृश्यात त्याची कोर पश्चिमेला होती, आणि तिसऱ्यात चंद्रच नव्हता. एका चित्रात हरभऱ्यामागे तुरीच्या ओळी होत्या, दुसऱ्यात धानाच्या बांध्या होत्या. आवाजांत बेडकांचा गजर होता, पावशा होता, मोरही होता. पावशा ओरडतो तो उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत, मोराची केका विशेषकरून पावसाळ्यातली, आणि बेडकांना तर पाण्याचे डबके हवे. पौषाच्या थंडीत हरभऱ्याच्या वावरात यांतले काहीही ऐकू येत नाही.

यावर दोन मार्ग सुचवले गेले. पहिला मार्ग असा की प्रत्येक चित्र आणि प्रत्येक आवाज सुटा सुटा दुरुस्त करावा: येथे चंद्र पुसावा, तेथे बेडूक कापावेत. दुसरा मार्ग असा की आधी रात्र निश्चित करावी, मग त्या रात्रीत जे बसत नाही ते कितीही चांगले असले तरी बाजूला ठेवावे, आणि जे कमी पडेल ते नव्याने करावे. पहिल्या मार्गाने वेळ वाचला असता, आणि वेळ प्रत्येकाच्या दृष्टीने मोलाचा होता, कारण बहुतेकांचे काम शेतीच्या किंवा शाळेच्या वेळेतून उरलेल्या तासांत होत होते. तरीही मी दुसऱ्या मार्गाचा आग्रह धरला आणि गटाने तो मान्य केला. माझे म्हणणे असे होते की रात्रीच्या गोष्टीत पार्श्वचित्र आणि ध्वनी हे दोन विभाग नसतात. दोन्ही मिळून एकच जागा आणि एकच वेळ सांगतात, आणि ती जागा व ती वेळ गटातल्या प्रत्येकाला सारखीच माहीत असल्याशिवाय चौदा जणांचे काम एका धाग्यात येत नाही.

रात्र ठरवणे

तिथी म्हणून पौष वद्य अष्टमी निवडली. ही तिथी बहुधा जानेवारीच्या उत्तरार्धात येते आणि तोवर हरभऱ्याचे घाटे भरत आलेले असतात. त्याहून महत्त्वाचे कारण चंद्राचे होते. वद्य अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, त्यामुळे लघुपटाचा पूर्वार्ध काळोखात आणि उत्तरार्ध चांदण्यात, अशी विभागणी आपोआप मिळाली. उगवताना चंद्राची उजळलेली बाजू सूर्याच्या दिशेला, म्हणजे खाली क्षितिजाकडे असते, आणि आपल्या अक्षांशावर जानेवारीत ती जवळजवळ सरळ खाली झुकलेली दिसते. चित्रकारांपैकी अनेकांनी सवयीने उभा अर्धचंद्र काढला होता. तो सर्वांनी बदलला.

चंद्र नसलेल्या पूर्वार्धात वेळ दाखवण्याचे काम नक्षत्रांवर सोपवले. जानेवारीच्या उत्तरार्धात मृगाचे तीन तारे रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला उंचावर असतात आणि पहाटे चारच्या सुमारास पश्चिमेला टेकतात. घड्याळ न दाखवता रात्र किती सरली हे सांगण्यासाठी याहून चांगले साधन नव्हते, आणि जागल करणारी जुनी माणसे याच ताऱ्यांवरून वेळ ओळखत आली आहेत.

त्यानंतर वावराचा नकाशा तयार केला. सहभागी शिक्षकांपैकी एकाच्या भावाचे वावर प्रत्यक्ष जागा म्हणून धरले आणि पावलांनी मोजून कागदावर उतरवले: मचाण कोठे, विहीर कोठे, तुरीच्या ओळी कोणत्या धुऱ्याला (बांधाला), शेजाऱ्याचे मचाण किती अंतरावर, पांदण कोणत्या बाजूने येते, गाव कोणत्या दिशेला आणि रेल्वेचा आवाज कोणत्या दिशेने येतो. कागदाच्या एका बाजूला ठळकपणे पूर्व लिहिली. हा एक कागद प्रत्येकाकडे गेला. पुढे कोणत्याही चित्राबद्दल किंवा आवाजाबद्दल मतभेद झाला, तर निकाल या कागदावर होत असे. त्यामुळे चर्चा कोणाचे चित्र सरस या वळणावर गेली नाही, हा या कागदाचा मला सर्वांत मोठा उपयोग वाटतो.

पार्श्वचित्रे

काकांनी पाठवलेले चित्र सर्व चित्रांत उजवे होते यात कोणाला शंका नव्हती. त्यात धानाच्या बांध्या होत्या, बांधावर मोहाचे झाड होते, आणि दूरवर तळ्याची पाळ होती. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग, म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यातली झाडीपट्टी, हा धानाचा मुलूख आहे. वर्ध्याची काळी जमीन कापूस, तूर, सोयाबीन आणि हरभरा यांची. बाहेरच्या प्रेक्षकाच्या लेखी हे दोन्ही विदर्भच असले, तरी ज्याने वावरात पाय ठेवला आहे त्याला हा फरक पहिल्या नजरेत दिसतो. काकांना हे कसे सांगावे याचा संकोच सर्वांनाच होता. तो प्रसंग त्यांनीच टाळला. नकाशा हातात पडल्यावर त्यांनी फोन करून सांगितले, "हे माझ्या गावचे शिवार आहे, तुमच्या गावचे नाही. ते राहू द्या. मी तुमच्या वावरात येऊन बसतो." आणि ते खरोखर आले.

त्यांच्या येण्याने पार्श्वचित्रांची सगळी पद्धत बदलली. झाडीपट्टीची नाटके दिवाळीनंतर सुरू होतात आणि रात्रभर चालतात. मंडपातल्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसावे अशा बेताने पडदा रंगवावा लागतो. तेथे बारीक पानापानांचा उपयोग नसतो, गडद आणि फिकट यांचे मोठे तुकडे जुळून यावे लागतात. काकांनी प्रत्येक चित्र आधी फक्त तीन छटांत काढायला लावले: जमीन आणि जवळच्या आकृती सर्वांत गडद, मधले पीक मध्यम, आणि आकाश सर्वांत फिकट. रात्रीचेही आकाश जमिनीपेक्षा उजळ असते ही गोष्ट ऐकायला साधी आहे, परंतु अनेकांच्या पहिल्या चित्रांत आकाश काळे आणि पीक हिरवे होते. तीन छटांत जागा ओळखू आली नाही, तर रंग भरायला घ्यायचेच नाहीत, असा त्यांचा नियम होता आणि तो शेवटपर्यंत पाळला गेला.

रंगांचा प्रश्न प्रकाशाच्या स्रोतांवरून सोडवला. लघुपटात तीनच प्रकाश आहेत: मचाणाखालची शेकोटी, बापाच्या हातातली एलईडी टॉर्च आणि चंद्र. शेकोटीचा प्रकाश नारिंगी, टॉर्चचा पांढरा आणि किंचित निळसर. चांदणे मोजमापाने दिवसाच्या उजेडापेक्षा थोडे उबदारच असते, पण मंद उजेडात डोळ्याची लाल रंगाची जाण आधी मावळते आणि निळ्या-हिरव्या छटा तुलनेने उजळ वाटतात, म्हणून आपल्याला चांदणे निळसर भासते. या गोष्टीचा उपयोग लघुपटातील माझ्या सर्वांत आवडत्या दृश्यात झाला. रानडुकरे बिचकावीत म्हणून विदर्भात धुऱ्याने जुन्या साड्या ताणून बांधतात. चांदण्यात त्या साड्या नुसत्या करड्या आणि काळपट दिसतात. लाल साडी तर जवळजवळ काळी. बाप टॉर्चचा झोत धुऱ्यावरून फिरवतो तेव्हा झोताच्या वर्तुळात एकेक साडी लाल, पिवळी, जांभळी होऊन उमलते आणि झोत पुढे सरकताच पुन्हा विझते. मुलीला त्यांत आपल्या आईची जुनी साडी ओळखू येते.

हे दृश्य चौकट-चौकट (एकेक फ्रेम) रंगवायचे ठरवले असते तर अनेक आठवडे गेले असते. सेकंदाला २४ चौकटींच्या हिशेबाने सहा मिनिटांच्या ८,६४० चौकटी होतात. एक रेखाटन दोन चौकटींना वापरले तरी ४,३२० रेखाटने पात्रांसाठीच लागतात. म्हणून पार्श्वचित्राचा भार कमीत कमी ठेवणे भाग होते. एकाच धुऱ्याची दोन चित्रे तंतोतंत एकावर एक बसतील अशी रंगवली, एक चांदण्यातले आणि दुसरे टॉर्चच्या उजेडातले. ब्लेंडरमध्ये टॉर्चचे चित्र वर ठेवून त्यावर मऊ कडेचा गोल झरोका फिरवला. दोन चित्रांत संपूर्ण दृश्य झाले. त्यात एकच पथ्य होते: दुसरे चित्र पहिल्याची प्रत घेऊन त्यावरच रंगवायचे, नव्याने काढायचे नाही, कारण साडीची एक घडी जरी हलली तरी झोताच्या कडेवर ती तुटलेली दिसते.

इतर दृश्यांत चित्रे थरांत ठेवली. आकाश, दूरची झाडी, मधले वावर, जवळचा धुरा आणि अगदी समोरचे गवत हे थर वेगवेगळे असले, की दृश्य सरकताना जवळचा थर जास्त आणि दूरचा कमी हलवता येतो आणि खोली दिसते. समोरच्या थरात तुरीची रोपे होती. जानेवारीत तुरीचा पाला बराच झडलेला असतो आणि वाळलेल्या शेंगा उरतात. विद्यार्थ्यांच्या पहिल्या चित्रांत तूर हिरवीगार होती, कारण त्यांनी ती पोळ्याच्या दिवसांत पाहून काढली होती.

रात्रीच्या आकाशाने एक तांत्रिक अडचणही आणली. आठ बिटांच्या चित्रात प्रत्येक रंगवाहिनीला २५६ पायऱ्या असतात. काळोख्या आकाशाची छटा त्यांतल्या समजा १२ ते ४० एवढ्याच पायऱ्यांत असेल, तर ७०० ओळींच्या उंचीवर २८ पायऱ्या पसरतात आणि सुमारे २५ ओळींचा एकेक आडवा पट्टा स्पष्ट दिसू लागतो. आकाश १६ बिटांत रंगवले आणि अंतिम प्रतीत त्यावर अगदी बारीक दाणा टाकला, तेव्हा पट्टे मिटले. चित्रांची देवाणघेवाण करताना ती संदेशांच्या ॲपवर फोटो म्हणून न पाठवता मूळ फाइल म्हणूनच पाठवावीत, हा नियम याच कारणाने काटेकोर करावा लागला, कारण फोटो म्हणून पाठवलेले चित्र आकुंचित होते आणि गडद भागातले सगळे बारकावे आधी जातात.

ध्वनी

जमा झालेल्या आवाजांपैकी बहुतेक आवाज पावसाळ्याच्या शेवटाचे होते. ते गाळणीतून काढून हिवाळ्याचे करता येतील का, असा प्रश्न आला. येत नाहीत. रातकिड्यांच्या किरकिरीचा वेग तापमानाप्रमाणे बदलतो; अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ एमॉस डॉल्बेअर यांनी १८९७ मध्ये या संबंधाचे सूत्रच मांडले होते. थंडी वाढली की किरकिर मंदावते, मध्येच थांबते आणि पहाटे जवळजवळ बंद होते. ओल्या दिवसांतल्या रात्रीचा दाट, सलग गजर संथ केला तर तो संथ गजर होतो, थंडीची रात्र होत नाही. म्हणून ध्वनीचे काम पौषापर्यंत थांबवून त्या वावरात, त्या तिथीच्या आसपास आवाज टिपायचे ठरले. मधल्या काळात चित्रे पुढे सरकली.

तेथे मोबाइलने वेगळीच अडचण दाखवली. बहुतेक मोबाइल माणसाचे बोलणे स्पष्ट टिपण्यासाठी केलेले असतात; मागचा सलग आवाज ते गोंगाट समजून दाबतात आणि शांतता आली की आवाजाची पातळी आपोआप वर ओढतात. आपल्याला हवा तोच आवाज यात पुसला जातो. दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या सहकाऱ्याने हे ओळखले आणि प्रक्रिया न करता ध्वनी टिपू देणारे ॲप शोधून सर्वांच्या फोनवर बसवले. त्याने निम्मे काम झाले. उरलेले निम्मे असे की पौषातली मध्यरात्र इतकी शांत असते की मोबाइलच्या मायक्रोफोनची स्वतःची सरसर त्या शांततेपेक्षा मोठी ठरते. एका महाविद्यालयाच्या माध्यम विभागाने हातात धरायचा ध्वनिमुद्रक उसना दिला आणि मग कोठे शांतता टिपता आली. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट ही ध्वनिमुद्रणाची मांडणी सर्वांसाठी एकच ठेवली.

त्या रात्रींत जे ऐकू आले त्याने पटकथाही बदलली. निरभ्र थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, त्यामुळे ध्वनी वर निसटून न जाता खाली वळतो आणि दूरचे आवाज विलक्षण स्पष्ट ऐकू येतात. वर्ध्याजवळ मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही लोहमार्ग एकत्र येतात. दिवसा कधी न जाणवणारी गाडी रात्री दोन वाजता वावरात ऐकू येते. शेजारच्या वावरातल्या झटका मशीनची, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचे हलके झटके सोडणाऱ्या यंत्राची, सुमारे सेकंदासेकंदाला होणारी टिकटिक ऐकू येते. रात्रपाळीची वीज आली की कोठेतरी मोटार सुरू होते. हे सगळे आवाज पटकथेत नव्हते. नकाशावर त्यांच्या दिशा लिहून ते घेतले. गाडीचा आवाज दूरचा वाटावा म्हणून तो नुसता लहान करून भागत नाही. हवेतून लांबचा प्रवास करताना उंच पट्टीचे ध्वनी आधी शोषले जातात, म्हणून त्याची वरची पट्टी छाटावी लागली.

झटका मशीनची टिकटिक हे काम मात्र जिकिरीचे निघाले. प्रत्येक दृश्याला स्वतंत्र आवाज लावण्याच्या सवयीमुळे दृश्य बदलताच टिकटिकीचा ठेका मोडत असे, आणि तो मोडला की डोळ्यांना न जाणवलेला सांधा कानांना खटकतो. तेव्हापासून रात्रीचे चार प्रहर धरून प्रत्येकाला एक सलग ध्वनिपट दिला: रात्रीचे दहा, मध्यरात्र, तीनचा सुमार आणि पहाट. चित्रे त्यावर कितीही वेळा बदलोत, खालचा ध्वनिपट अखंड राहतो. रात्रीच्या कोणत्याही लघुपटाला मी हीच पद्धत सुचवीन.

अंतराचा विषय एका दृश्यात फार महत्त्वाचा ठरला. रोही येताच शेजारच्या मचाणावरचा माणूस रिकामा डबा बडवतो. नकाशाप्रमाणे ते मचाण १७० मीटरवर आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे काठी डब्यावर पडल्यापासून आवाज मुलीच्या कानी यायला अर्धा सेकंद लागतो, आणि अर्धा सेकंद म्हणजे १२ चौकटी. रेखाटन करणाऱ्याने काठी आणि आवाज एकाच चौकटीवर जुळवले होते. आवाज १२ चौकटी उशिरा येईल असा सरकवला तेव्हा दृश्य एकदम मोकळे आणि मोठे वाटू लागले. गटातल्या काहींची हरकत अशी होती की प्रेक्षकांना हा ध्वनिजोडणीतला दोष वाटेल, आणि ती हरकत गैर नव्हती. उत्तर कथेतच सापडले. मुलगी विचारते, "बा, डबा आंधी हानला, वाजला मंग?" आणि बाप सांगतो, "दूर हाय न वं तो." ही दोन वाक्ये पटकथेत नव्याने आली. आज ती लघुपटातून काढून टाकावीत असे कोणीही म्हणणार नाही.

संवाद टिपण्यासाठी शांत खोली हवी होती. शाळेच्या खोल्यांवर टिनपत्रे होते, भिंती उघड्या होत्या आणि प्रत्येक शब्द घुमत होता. त्या दिवसांत गावातल्या अनेक घरांत भाव वाढण्याच्या वाटेने कापूस भरून ठेवलेला असतो. अशाच एका घरातल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस होता आणि दाराजवळ दोन माणसे बसतील एवढीच जागा रिकामी होती. तेथे टाळी वाजवली तर टाळीचा आवाज हातातच राहतो. खोलीतून काहीही परत येत नाही. बापाचे आणि मुलीचे सगळे संवाद त्या खोलीत टिपले. कापूस पेट घेतो म्हणून तेथे दिवा, विडी किंवा तापणारा बल्ब न्यायचा नाही, चार्जरही बाहेर ठेवायचा, हे आधी ठरवून घेतले होते. साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते, म्हणून मुलीचे काम आधी आटोपून तिला मोकळे केले. मोकळ्या वावरातल्या संवादाला अशी कोरडी, घुमाररहित खोलीच लागते, कारण उघड्या शिवारात आवाज परतवणारी भिंत नसते.

पावलांचे आणि वस्तूंचे आवाज हाताने केले. मचाणाची करकर जुन्या बाजेची आहे. काळ्या जमिनीवरची पावले मातीने भरलेल्या पोत्यावर चप्पल दाबून केली. रोह्यांच्या धावण्यासाठी त्याच पोत्यावर मुठी मारल्या, आणि येथूनच पार्श्वचित्र आणि ध्वनी यांच्यातला सर्वांत अवघड पेच उभा राहिला.

चोंग्यावरची चाचणी

लघुपट तीन ठिकाणी पाहिला जाणार होता: मोबाइलवर, संगणकावर, आणि गावात भिंतीवर प्रोजेक्टर लावून, ध्वनी मात्र भजनासाठी वापरतात त्या चोंग्यातून (कर्ण्यातून). हेडफोनवर रोह्यांची धाव छातीत धडधडत होती. चोंग्यावर ती ऐकूच आली नाही. चोंगा आणि मोबाइलचा स्पीकर, दोघेही खालची पट्टी जवळजवळ सोडून देतात, आणि मातीवर पडणाऱ्या खुरांचा आवाज सगळा त्याच पट्टीत होता. मोटारीचेही तसेच झाले: ५० हर्ट्झच्या विजेवर चालणाऱ्या मोटारीची मूळ गुणगुण १०० हर्ट्झला असते, ती गायब झाली. मोटारीसाठी त्या गुणगुणीच्या वरच्या पटीतले ध्वनी वाढवले आणि कानाने खालचा सूर आपोआप भरून काढला.

रोह्यांच्या बाबतीत ही युक्ती पुरली नाही. आवाज कितीही वाढवला तरी तो खुरांचा न वाटता फटफटीचा वाटे. शेवटी आम्ही चित्र बदलले. मूळ दृश्यात कळप मोकळ्या हरभऱ्यातून पळत होता. नव्या दृश्यात तो धुऱ्यालगतच्या तुरीतून घुसून पळतो. वाळलेल्या तुराट्या मोडण्याचा आणि शेंगा खुळखुळण्याचा आवाज वरच्या पट्टीत असतो आणि तो चोंग्यावर लख्ख ऐकू येतो. त्यासाठी तुरीच्या ओळींचा एक थर नव्याने रंगवावा लागला, हरभऱ्यावरून जाणारा कळपाचा मार्ग नकाशावर सरकवावा लागला, आणि प्रत्यक्ष तुराट्या पायांखाली घेऊन आवाज टिपावा लागला. हे सर्व काम वाढले तरी मला तो निर्णय योग्य वाटतो, कारण त्यानंतर अंधारात कळप दिसण्याआधीच त्याची दिशा कळू लागली, आणि जागल करणाऱ्याला तो खरोखर तसाच कळतो.

चोंगा एकच असल्याने डावा-उजवा हा भेद तेथे राहत नाही. दोन्ही बाजूंचे ध्वनी एकत्र केल्यावर काही आवाज एकमेकांना खोडतात का, हे प्रत्येक प्रहराच्या ध्वनिपटात तपासले; पहाटेच्या वाऱ्यात तसे होत होते आणि तो एकाच मायक्रोफोनच्या मुद्रणातून पुन्हा घेतला. प्रोजेक्टरवर चित्राची गडद बाजू धुऊन निघते, म्हणून भिंतीसाठीच्या प्रतीत मधली छटा थोडी उचलली. काकांच्या तीन छटांचा नियम येथे फार उपयोगी पडला: बारकावे गेले तरी आकाश, पीक आणि माणूस वेगवेगळे दिसत राहिले.

गावातल्या प्रदर्शनात मचाणावरच्या घोंगडीपासून टॉर्चपर्यंत सगळ्याची चर्चा झाली. एका वयस्क शेतकऱ्याने सांगितले की पहाटेच्या दृश्यात हरभऱ्यावर पांढरे फडके पसरलेले हवे, कारण पूर्वी दवाबरोबर आंब (हरभऱ्याच्या पानांवरचा आंबट द्रव) गोळा करण्यासाठी ते रात्री पिकावर पसरत आणि सकाळी पिळून घेत. ते फडके शेवटच्या पार्श्वचित्रात घातले आहे, आणि मुलगी ते उचलते तेव्हाचा ओल्या कापडाचा आवाज नंतर टिपून जोडला आहे.

सर्व मूळ ध्वनी आता ठिकाण, तिथी, वेळ आणि ध्वनिमुद्रकाची मांडणी यांच्या नोंदीसह एकत्र ठेवले आहेत आणि श्रेय देण्याच्या अटीवर कोणालाही वापरायला खुले आहेत. पावसाळ्यात टिपलेले बेडूक, पावशा आणि रातकिडेही त्यांत त्यांच्या महिन्याच्या नावाने आहेत. बापाचा आणि मुलीचा आवाज त्यांत नाही. तो त्यांच्या संमतीने याच लघुपटापुरता घेतला होता. काकांचे धानाच्या बांध्यांचे चित्र त्यांच्याकडे परत गेले असून, त्या शिवाराची तिथी आणि नकाशा ठरवण्याचे काम झाडीपट्टीतल्या तीन सहभागींनी त्यांच्यासोबत हाती घेतले आहे.